निळा झाला की खूश

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या बर्मागुई गावातल्या बालवाडीसाठी टॅम्सिनने टॅबलेटवरचा खेळ तयार केला होता. समुद्रातली बाटली किंवा डबा उचलायचा, आत दडलेल्या जिवाला बोट लावायचं, की तो निळा चमकून "थँक्यू" म्हणायचा. मग टॅम्सिनचाच गोड आवाज सांगायचा, "बघ, किती खूश झाला!" सुरुवातीला खेळात चुकीच्या जागी बोट लावलं की "नको" असा आवाज यायचा. पण दोन मुलं रडली, म्हणून तिने तो काढून टाकला. निळा रंग मुलांना आवडला, म्हणून ठेवला. जन्म त्या किनाऱ्यावर काढलेल्या बाईला त्या निळ्याची शंका येऊ नये, म्हणजे कमालच झाली.

बालवाडीच्या मॅरियनने तेव्हाच टोकलं होतं. "आम्ही पोरांना हात पाठीमागे घेऊन बघायला शिकवतो, टॅम."

"आणि टॅबलेट काय नाकाने चालवायचा?" टॅम्सिनने ते हसण्यावारी नेलं.

आज ओहोटीला मॅरियन मुलांना खडकांवर घेऊन आली होती. खेळाचा काय उपयोग झाला ते पाहायला टॅम्सिनही आली. उपयोग चांगलाच झाला होता. मुलं डबक्याडबक्यांतून कचरा वेचत सुटली आणि तिचा ऊर अभिमानाने भरून आला.

तिचा चार वर्षांचा रूफस एका डबक्याशी बसला होता. हातात पाण्याने भरलेली रुंद तोंडाची बाटली. "मम्मी, हा बघ, खूश झाला!"

बाटलीत अंगठ्याएवढा ऑक्टोपस होता. त्याच्या अंगावर निळी वर्तुळं पेटली होती. चिडला की तो तसा पेटतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो चावला तर दुखतही नाही, फक्त थोड्या वेळाने श्वास थांबतो. त्या विषावर उतारा नाही.

 रूफसचं बोट बाटलीच्या तोंडाशी होतं.

"रूफस, बोट घालू नकोस. बाटली खाली ठेव. हळू."

"पण तूच सांगितलंस ना, बोट लाव म्हणून."

"मी चुकीचं सांगितलं, राजा. ठेव."

त्याने ठेवली. तिने त्याला मागे ओढलं, एकेक बोट उलटंसुलटं करून पाहिलं. आत बोट घातलंच नव्हतं, तो शपथेवर सांगत होता. तिला हायसं वाटलं. डोळे पुसून तिने मान वर केली.

खडकांवर सगळीकडे मुलं बसली होती. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात बाटली. मॅरियन पार पलीकडच्या टोकाला.

"हात लावू नका! सगळं खाली ठेवा!" टॅम्सिन जिवाच्या आकांताने ओरडली.

मुलांनी आवाज ओळखला. हा तर खेळातला आवाज. त्यातला "नको" काढून टाकल्यापासून त्याने कधी कशाला मनाई केली नव्हती. सगळ्यांत जवळ बसलेली छोटी ऑडेट तिच्याकडे बघून गोड हसली आणि तिने डब्यात हात घातला.