ते आता कुठे जात नाहीत

एमिलना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, पण घरचा फोन अजून त्यांच्याच नावावर होता. बदलायचा म्हणून दोनदा कागद काढले आणि दोनदा परत खणात ठेवले. म्हणून गेल्या वर्षी, राखेचा बुधवार होऊन, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू होऊन, दोन आठवडे झाले असताना, एका बाईने फोनवर "एमिल क्रुपा आहेत का?" असं विचारलं तेव्हा मला काही वाटलं नाही. औषधांच्या दुकानातून विचारतात, निवडणुकीवाले विचारतात.

"मी त्यांची बायको. बोला."

"अहो, मी व्हर्ना स्टोल्झ, आयोवाहून. आमच्या ह्यांना मोंटानाच्या डोंगरात एल्क हरणांच्या शिकारीला जायचंय. शिकारीला नेणारा आउटफिटर कोण निवडायचा यावरून घरात महाभारत चाललंय. त्या रस डॅलग्रेनने यादी पाठवलीय, त्याच्याबरोबर जाऊन आलेल्यांची. वर लिहिलंय, 'समाधानी शिकारी'. तुमच्या यजमानांचं नाव पहिलंच आहे."

मी ओट्याची कड धरली.

उपासाच्या चाळीस दिवसांत मी दरवर्षी एक जास्तीचा नेम धरते. गेल्या वर्षीचा नेम होता, कुणाविषयी वाईट शब्द काढायचा नाही. हे 'कुणाविषयी' म्हणजे खरं तर एकाच माणसाविषयी होतं. फादर म्हणाले होते, "लिडा, चार वर्षं तुम्ही रस डॅलग्रेनचा एकच राग कबूल करताय. मनातून जात नसेल तर निदान जिभेवरून तरी घालवा." मी वेदीसमोर हो म्हटलं होतं. आणि आता तेच नाव फोनवर आलं होतं.

"माझ्याकडे प्रश्न लिहिलेले आहेत," व्हर्नाबाई म्हणाल्या. "शिकारीच्या मासिकातून उतरवून घेतलेत. हसू नका हं. जेवण कसं होतं?"

"चांगलं. स्वयंपाकीण रोज ताजी बिस्किटं करायची."

"घोडे?"

"गरीब होते."

"तंबूत ऊब?"

"लाकडाची शेगडी होती."

"शिकार मिळाली?"

"हो. शिंगांना दोन्ही बाजूंना सहा-सहा फाटे असलेला नर."

"अगं बाई! आमचा हार्लन हे ऐकून आता जेवायचा नाही." मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "त्याच्या हृदयात दोन स्टेंट आहेत हो. डॉक्टर म्हणतात, जा, पण सांभाळून. दुसरा एक आउटफिटर बघितलाय, गाडीरस्त्याच्या जवळच तळ ठोकतो, पण त्याची निम्मी माणसं रिकाम्या हाताने येतात. मला तोच बरा वाटत होता. शेवटचा प्रश्न विचारते. तुमचे हे पुन्हा जातील का डॅलग्रेनबरोबर?"

मी खिडकीबाहेर बघितलं. अंगणात बर्फ घाणेरडा होऊन पडला होता.

"ते आता कुठे जात नाहीत," मी म्हटलं.

त्या खळखळून हसल्या. "नशीबवान आहात! आमचं ध्यान एक रविवार घरात बसेल तर शपथ."

आणि मीही हसले. फोनवर समोरचं माणूस हसलं की आपण हसतो, तसं. "बरं झालं बोललात," त्या म्हणाल्या, "माझा जीव भांड्यात पडला." आणि फोन ठेवला.

एमिलची बहीण अ‍ॅग्नेस टेबलापाशी चर्चच्या जेवणासाठी नूडल्स कापत होती. तिने मान वर केली नाही.

"कोण?"

"डॅलग्रेनबद्दल विचारत होती. नवऱ्याला पाठवतेय."

सुरी थांबली. "आणि तू तिला बिस्किटं सांगितलीस."

"तिने विचारलं तेवढं सांगितलं."

"वा! मेले का, असं तिने विचारलं नाही, म्हणून तू बोलली नाहीस."

"माझा नेम आहे, अ‍ॅग्नेस."

"नेम वाईट न बोलण्याचा होता ना? खरं बोलायला कुणी तोंड शिवलंय तुझं? तळावरचा एकुलता फोन मांसाबरोबर गेला, हे वाईट बोलणं आहे का? झालं ते झालं, एवढंच आहे ते. लिडाबाई, तुमचं पुण्य आयोवाच्या त्या बाईच्या गळ्यात बांधू नका." तिने पीठ झटकलं. "माझा भाऊ होता तो. मी नाही कुठला नेम धरला."

काय झालं होतं ते मला तिथल्या स्वयंपाकिणीने सहा पानी पत्रात कळवलं होतं. सप्टेंबर अखेरचा आठवडा होता आणि दुपारी ऊन तापत होतं. एमिलनी सकाळी नर पाडला, आणि दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तळापासून रस्ता बावीस मैल. खेचरं चारच, एक एल्क उतरवायला चारही लागतात, आणि वाट माहीत असलेला डॅलग्रेन एकटाच. डॅलग्रेन म्हणाला, मांस उन्हात नासलं तर कायदा मला सोडणार नाही. एमिल म्हणाले, "मला काही झालेलं नाही. मांस आधी न्या." तसेच होते ते. आमच्या नेब्रास्कातल्या गावात पुरुषांना हेच शिकवलं जातं. डॅलग्रेन खेचरं घेऊन खाली गेला. उपग्रहाचा फोन त्याच्या खोगिराच्या पिशवीत होता. तो फोन तळावर असता तर हेलिकॉप्टर तासाभरात आलं असतं. खाली जायला एक दिवस लागला आणि परत यायला एक. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खेचरांच्या घंटा ऐकू आल्या, तोवर स्वयंपाकिणीने एमिलच्या चेहऱ्यावर टॉवेल टाकलेला होता.

मांस एकदम उत्तम राहिलं. अकरा खोकी घरी आली. मी सगळी चर्चच्या स्वयंपाकघरात दिली. शिंगं डॅलग्रेनने स्वतः गाडीत घालून आणली आणि टोपी काढून दारात उभा राहिला. त्याच्या हिशेबी एमिल क्रुपा यशस्वी शिकारीच होते, म्हणून नाव यादीत राहिलं.

व्हर्नाबाईंच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जपमाळ संपवली. त्याआधी मी तोंडात काही घालत नाही, त्या दिवशी नंतरही घातलं नाही. फोनच्या यंत्रावर त्यांचा नंबर राहिला होता, तो फिरवला. पुरुषाने उचलला.

"व्हर्ना टपाल टाकायला गेलीय. मी हार्लन. काय काम होतं?"

मी सगळं सांगितलं, ऊन, बावीस मैल आणि खोगिराची पिशवीसुद्धा. त्या माणसाविषयी एक विशेषण वापरलं नाही. माझा आवाज मुळातच लहान, त्यांनी दोनदा "जरा मोठ्याने" म्हटलं. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"नर मात्र आला ना खाली? सगळा?"

"आला."

"आणि मांस आधी न्या, असं तुमचा नवराच म्हणाला?"

"हो."

"मीही तेच म्हटलं असतं." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "हे बघा, माझ्या वडिलांनी दवाखान्यात नऊ महिने छत बघत काढले. मला छत नको. डॅलग्रेन डोंगरात आतवर नेतो, मला आतच जायचंय."

"तुमच्या बायकोला हे माहीत असायला हवं."

"तिला सांगू नका." आता ते हळू बोलत होते. "सात वर्षं मी तिच्या मागे लागलोय. काल तिने पहिल्यांदा हो म्हटलं. तुमच्याशी बोलून. आत्ता अर्ज आणि इसार टाकायलाच गेलीय ती."

मागे दार उघडल्याचा आवाज आला, आणि व्हर्नाबाईंचा, "कोण आहे रे?"

"चुकीचा नंबर," हार्लन म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्यांनीच उचलला, तिन्ही वेळा चुकीचा नंबर. मग मी व्हर्नाबाईंच्या नावाने दोन पानी पत्र लिहिलं. अ‍ॅग्नेसने वाचलं आणि म्हणाली, "आता तरी तिच्याच हातात पडो." उत्तर आलं नाही. रोज सकाळच्या प्रार्थनेत मी ज्यांची नावं घेते त्यांची एक वही आहे, जिवंतांची पानं पुढे आणि गेलेल्यांची मागे. हार्लन स्टोल्झ हे नाव मी पुढच्या पानावर लिहिलं. सप्टेंबर आला आणि गेला. मला कुणी कळवलं नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी भ्याले.

ह्या वर्षी राखेच्या बुधवारी, कपाळावरची राख अजून ओली असतानाच, फोन वाजला.

"एमिल क्रुपा आहेत का?" तरुण माणूस होता. नाव सांगितलं टॉबिन, विस्कॉन्सिनचा. वडिलांच्या साठीला त्यांना एल्कच्या शिकारीला नेणार होता. "डॅलग्रेनच्या यादीतून नंबर मिळाला. आधी दुसऱ्या नावाचा नंबर लावून बघितला, आयोवातला, स्टोल्झ. पण ती बाई जरा विचित्र बोलली."

"काय म्हणाल्या?"

"मी विचारलं, तुमचे यजमान पुन्हा त्याच्याबरोबर जातील का? तर म्हणाल्या, ते आता कुठे जात नाहीत." तो अवघडून हसला. "मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाल्या, नेब्रास्कातल्या क्रुपाबाईंना विचारा. ह्याचा अर्थ त्यांना बरोबर माहीत आहे."

अ‍ॅग्नेस टेबलापाशी होती. तिने सुरी खाली ठेवली.

ह्या वेळी मी हसले नाही. तो पलीकडे वाट बघत होता, आणि मला त्याच्या मागे एक म्हातारा खोकल्याचं ऐकू आलं.

"कागद आहे का जवळ?" मी विचारलं. "मग बस, आणि लिहून घे. वडिलांनाही जवळ बसव. माझा आवाज लहान आहे, ऐकू आलं नाही तर पुन्हा विचार."

मी डॅलग्रेनच्या नावापासून सुरुवात केली. ह्या वर्षी मी फक्त साखर सोडली आहे.