कमिटी गीताला पाहायला येते

नांदुरा स्टेशनावरून वडनेरला जाताना अर्ध्या वाटेत दमणीचं चाक निखळलं आणि मंजुळाबाईंचा पारा चढला.

"निघताना चाकाची खीळ पाहून घेत नाहीत काय रे बाप्पा?"

"पाह्यली होती, बाई. काल."

"काल पाह्यली! मग मले काल न्याचं होतं."

 बैल सोडून गाडीवान चाकाला खांदा लावून बसला. बाई छत्री उघडून बाभळीखाली येरझारा घालू लागल्या. वैशाखाचं ऊन नुसतं रखरखत होतं, पण त्यांना उन्हाचं काही नव्हतं. डोणगावच्या कमिटीची माणसं आपल्या आधी पोचली असतील, या विचारानंच त्यांचा जीव खालीवर होत होता.

मंजुळाबाई खामगावात मुलींच्या एका शाळेच्या हेडमास्तरीण होत्या. कडक बाई. त्यांनी व्हरांड्यात खाकरलं तरी चौथीचा वर्ग चिडीचूप व्हायचा. कापसाच्या व्यापाऱ्यांच्या मागे लागून, त्यांच्या पेढ्यांच्या पायऱ्या झिजवून, त्यांनी हुशार मुलींना नागपूरच्या कॉलेजात धाडण्यासाठी एक स्कॉलरशिप सुरू करायला लावली होती. आणि झालं काय? पहिल्या दोघी बी.ए. झाल्या आणि नागपूरहून परस्पर बोहल्यावर चढल्या. एक अकोल्याला पापड लाटते, दुसरीचा तर पत्ताच नाही. व्यापारी तोंडावर विचारू लागले, "बाई, आम्ही काय लोकांच्या सुना शिकवायला बसलो आहोत?" बाई कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या, पण हे त्यांनी ऐकून घेतलं. पोरीला शिकवलं म्हणजे आपलं काम संपलं असं त्या समजून चालल्या होत्या. शिकलेल्या पोरीला नोकरीपर्यंत हाताला धरून न्यावं लागतं, ते कुणी करायचं?

तर आता तिसरी गीता. वडनेरच्या तुळशीराम पाटलांची मुलगी. गावची शाळा संपल्यावर बाईंनी तिला खामगावला स्वतःच्या घरी ठेवून घेतली, मॅट्रिक करवली, नागपूरला धाडली. तिथं ती वादविवादात मुलांची बोलती बंद करायची म्हणे. ती यंदा बी.ए. झाली. तिकडे डोणगावला मुलींची नवी शाळा निघत होती आणि तिला हेडमास्तरीण हवी होती. बाईंनी कमिटीचे अध्यक्ष अर्जुनराव यांना गाठलं, गीताचं नाव सुचवलं. अर्जुनराव म्हणाले, "परगावी एकटी राहणार पोरगी. कोणत्या घरची आहे, ते घरी जाऊन पाहू." म्हणून आजचा दिवस ठरला. गीताची ही नोकरी हुकली तर स्कॉलरशिप बंद, हे व्यापाऱ्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. खामगावात रज्जाक पिंजाऱ्याची सायरा मॅट्रिकचा अभ्यास करत बसली होती, तिचंही सगळं यावरच.

चाक बसलं. बाई वडनेरला पोचल्या. पाटलांच्या अंगणात पाय ठेवला आणि जागच्या जागी थबकल्या.

अंगण सारवलेलं, दारात रांगोळी. ओसरीवर जाजम, तक्क्याला टेकून अर्जुनराव आणि कमिटीचा आणखी एक गृहस्थ, पुढ्यात शिऱ्याच्या बशा आणि पानाचं तबक. खिडकीत, दारात, कुडाच्या फटीत गल्लीतल्या बायका आणि पोरी. आणि मधोमध पाटावर, हिरव्या नऊवारीत, डोक्यावरून पदर, अंबाड्यावर मोगरा, खाली मान घालून बसलेली कोण? तर नागपूर विद्यापीठाची बी.ए.!

"अगं माय!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

तुळशीराम पाटील रंगात आले होते. "आमची गीता म्हणजे काय सांगू, अर्जुनराव! घरात आहे का नाही, समजत नाही. एवढी शिकली, पण तोंड वर करून बोलणार नाही. हाक मारली तं 'जी', बस्स. दुसरा शब्द नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. अहो, मास्तरीण हवी आहे त्यांना! पण बोलायची सोय नव्हती. पुरुषांची बैठक चाललेली, आणि पाटील तर बापच तिचा.

अर्जुनराव तसा भला माणूस. वय झालेलं, चार सुना घरात आणलेल्या. पाटावर पोरगी बसलेली दिसली की त्यांच्या तोंडून जे प्रश्न यायचे, तेच आले. नाव काय? किती भावंडं? स्वयंपाक येतो का? गीतानं इतक्या हळू उत्तर दिलं की अर्जुनरावांना पुढं वाकावं लागलं. दुसऱ्या गृहस्थानं तर सुपात तांदूळ मागवले, निवडायला. शपथ सांगते, तिनं ते निवडलेही.

शेवटी अर्जुनराव उठले, बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पोरगी सोनं आहे. पण शाळेचं काही जमत नाही. आमच्या गावच्या पोट्ट्या लई द्वाड. ह्या गरीब गाईले त्या दोन दिवसात पळवून लावतील. हाव, पण मी रिकाम्या हातानं जात नाही. माहा पुतण्या मेहकरले कारकून आहे. त्याच्यासाठी मले पोरगी पसंत आहे."

तुळशीरामांच्या कानावर शेवटचं वाक्य गेलं आणि त्यांचा चेहरा फुलला. बायकांत कुजबूज उठली. कुणीतरी साखर आणायला आत धावलंसुद्धा. बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. तिसरीही गेली! त्या तरातरा स्वयंपाकघरात शिरल्या. तिथं गीताची आई, शालूबाई, चुलीपुढं घाम पुसत उभी होती.

"शालूबाई, हे काय करून ठेवलं तुम्ही? नोकरीसाठी येऊन राह्यले ते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"सांगतलं होतं न." शालूबाई गोंधळली. "नोकरीसाठीच येऊन राह्यले, मले ठाऊक होतं. पण पोरीले पाहाले माणसं येतात तं असंच कराले लागते न, बाई? मले पाहाले आले तव्हा असंच केलं होतं माह्या मायनं. दुसरं कसं करतात, मी कधी पाह्यलंच नाही." तिच्या हाताला शिऱ्याचं तूप लागलेलं होतं. ते लुगडं तिनं जाऊबाईंकडून मागून आणलं होतं, मोगरा सकाळी स्वतः गुंफला होता. "चुकलं काय वं काही?"

बाईंच्या जिभेवर आलेलं सगळं तिथंच विरघळलं. या बाईवर काय रागवायचं? तिनं तिच्याजवळ होतं नव्हतं तेवढं सगळं मांडलं होतं. बाई हळूच म्हणाल्या, "नोकरी गेली, शालूबाई. ते लग्नाचं म्हणून राह्यले."

शालूबाईनं हाताचं तूप पुसलं. मग पदर सावरला आणि जी बाई वीस वर्षांत ओसरीच्या उंबऱ्याबाहेर पुरुषांपुढं आली नव्हती, ती बाहेर आली. तुळशीराम पाहतच राहिले.

"भाऊ," ती अर्जुनरावांना म्हणाली, "चूक माही आहे. मीच तिले पाटावर बसवली. माही पोरगी अशी नाही जी. ती लई बोलते. तुमी पाह्यली ती मी सजवलेली होती."

आईनं परक्या माणसांपुढं हात जोडले, तेव्हा मात्र पाटावरची मान वर झाली. गीता उठली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तो तिनं पुन्हा घेतला नाही.

"आई, तू काऊन हात जोडतं? तुही काही चूक नाही." मग ती अर्जुनरावांकडं वळली. "काका, मले समजत होतं हे नोकरीचं आहे म्हणून. पण आई इतक्या हौसेनं करत होती, तिचा हिरमोड करवला नाही. आता तुमचं विचारून झालं असेल तं मी विचारू?"

अर्जुनराव उभेच होते, ते खाली बसले. "विचार न."

"शाळेत पोरी किती येतील?"

"येतील... चाळीसेक."

"दिवाळीनंतर किती राहतील?"

अर्जुनरावांनी पानाचं तबक उगाच पुढं सरकवलं.

"कापूस फुटला की मायबाप पोरीयले वेचाले नेतात. माह्यासंग शिकणाऱ्या पोरी अशाच सुटल्या, ह्याच गावातल्या. तुमच्या वावरात येतात का पोरी वेचाले?"

"येतात," अर्जुनराव म्हणाले. वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलाचा होतो, तसा त्यांचा आवाज झाला होता.

"मंग सुरुवात तुमच्या वावरापासून करा लागन. सकाळची शाळा ठेवू, दुपारून त्यायले वेचाले जाऊ द्या. पण सकाळी तुमच्या वावरात एकही पोरगी दिसली, तं मी तिले न्याले स्वतः येईन. चालन काय?"

ओसरी चिडीचूप झाली. खिडकीतली एक पोरगी खुदकन हसली, तशी गीतानं नुसतं तिकडं पाहिलं. हसू तिथंच थांबलं. मंजुळाबाईंनी ते पाहिलं. अगदी आपल्यासारखं पाहिलं हिनं!

अर्जुनरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "तुळशीराम पाटील, तुमी तं म्हणत होते, पोरगी तोंड वर करून बोलत नाही."

"मीबी आजच ऐकून राह्यलो," तुळशीराम म्हणाले. त्यांना राग यायला हवा होता की काय कोण जाणे, पण मिशीत हसू फुटलंच.

"बाई," अर्जुनराव मंजुळाबाईंना म्हणाले, "पुतण्याचं राहू द्या. त्याले हे झेपणार नाही. आम्हाला झेपते का, ते पाहू. आषाढाच्या आत पाठवा हिला."

ज्येष्ठ संपता संपता मंजुळाबाई गीताला न्यायला आल्या. या वेळी दमणीचं चाक शाबूत होतं. ट्रंक, वळकटी, लोणच्याची बरणी गाडीत चढली. तुळशीराम बैलांच्या वेसणी उगाच पुन्हा पुन्हा तपासत होते, लेकीकडं पाहवत नव्हतं म्हणून. शालूबाई मात्र दारात खोळंबली होती.

"बाई," ती मंजुळाबाईंना म्हणाली, "सासरी धाडताना काय म्हणतात, काय करतात, ते मले सारं येते. नोकरीले धाडताना काय म्हणतात वं? मागच्या वेळी चुकलं, आता चुकाचं नाही मले. तुमाले काय म्हटलं होतं घरच्याईनं?"

बाईंना आपलं निघणं आठवलं. कपाळ पांढरं झालेली सून मास्तरीण व्हायला अमरावतीला निघाली, तेव्हा घरानं दार लावून घेतलं होतं. "मले कोणी काही म्हटलं नाही, शालूबाई. मले कोणी धाडलंच नव्हतं. मी आपली निघून गेली."

शालूबाई दारातून खाली अंगणात आली. मग तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"गीते, पोरगी सासरी जाते तव्हा माय म्हणते, आता तेच तुहं घर. मी तसं नाही म्हणत. मी तुले कोणाले देल्ली नाही. तू आपल्या पायानं जाऊन राह्यली, आन् मनात येईल तव्हा येशील."

गीता आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. बाई घाईनं गाडीत चढायला लागल्या, तर शालूबाईनं त्यांचा हात धरला.

"आन् तुमीबी येत जा, बाई. धाडाले कोणी नव्हतं म्हणता. परत याले तरी एक घर असू द्या."

खामगावचा चौथीचा वर्ग ज्यांना चळचळा कापायचा, त्या मंजुळाबाई वडनेरच्या भर रस्त्यात, गाडीवानासमोर, लहान पोरीसारख्या रडल्या. कुणी त्यांना उगी राहा म्हटलं नाही.