चुलाणाकडची जागा

चुलाणाकडच्या टोकाला जमिनीवरचा तेल पाजलेला कागद काकवीसारखा काळपट झाला होता. तिथून नजर पलीकडे नेली की रंग उतरत जाई. आधी गुळाचा, मग मधाचा, आणि पार भिंतीशी जवळजवळ कोऱ्या कागदाचा. चुलाण स्वयंपाकघरात, खोलीच्या भिंतीला लागून. त्याचा जाळ आणि धूर खोलीच्या जमिनीखालच्या दगडी बोळांतून वाहत जाऊन पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडे. तापलेल्या दगडांनी इतक्या वर्षांत कागदावर आपली वाट उमटवली होती.

नवऱ्याच्या, गिदोकच्या, डाव्या कुल्ल्यावर तसाच डाग दिसला आणि मालसुनच्या हातातलं ओलं फडकं जागीच थांबलं. मधली कातडी मेणासारखी पांढरी, कडा काळपट लाल. तिने कडेला बोट टेकवलं.

"दुखतंय?"

"डाव्या गिदोकला विचार," तो जड जिभेने म्हणाला. "तो माझ्याशी बोलत नाही."

मागल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून हा त्याचा ठरलेला विनोद होता. आज मालसुनला हसता आलं नाही. काल संध्याकाळी त्याची बोटं गार लागली, म्हणून तिने चुलाणात आणखी दोन ओंडके सारले होते. परवाही सारले होते. त्याला ऊब मिळावी म्हणून ती जाळ वाढवत होती, आणि ज्या अंगाला काही कळत नव्हतं ते अंग खाली मुकाट भाजत होतं.

आरोग्य केंद्रातली नर्स ह्यून तिला म्हणाली होती, आजोबांना गरम टोकाला निजवू नका. तेव्हा मालसुनने ते हसण्यावारी नेलं होतं. चुलाणाकडची जागा घरातल्या वडीलधाऱ्याची, आजाऱ्याची, बाळंतिणीची. नवऱ्याला तिथून हलवायचं म्हणजे लोक तोंडात शेण घालतील.

तिने गोधडीची दोन टोकं धरली आणि त्याला ओढायला लागली. मनगटातून कळ आली. वीतभर सरकायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. आपण कुठे चाललोय हे कळल्यावर गिदोकने उजव्या हाताने जमीन धरायचा प्रयत्न केला. गुळगुळीत कागदावरून बोटं घसरत गेली.

"मिन्हीची आई, थंड टोकाला कुणाला ठेवतात?"

ती गोधडी ओढत राहिली. घरात माणूस गेलं की चुलाण विझवून त्याला त्या टोकाला ठेवतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

या खोऱ्यातल्या निम्म्या घरांची जमीन गिदोकने बसवलेली. चुलाणाजवळ जाड दगड, पुढे पातळ, म्हणजे जवळचा भाग करपत नाही आणि लांबचा उपाशी राहत नाही, असं तो सांगे. हवा कशाला तापवायची, दार उघडलं की ती पळते; दगड तापवा, तो रात्रभर माणसाला धरून राहतो. लोक त्याला दारूचा पेला भरून देत आणि उघड्या पायांनी जमीन चाचपत. स्वतःच्या घरात मात्र त्याने चुलाणाकडचा थर मुद्दाम पातळ ठेवला होता. तेव्हा मालसुन बाळंतीण होती, तिला चटकन ऊब हवी होती.

फोन करून बोलावलेली नर्स ह्यून आली तोवर उन्हं अंगणातल्या बर्फावर आली होती. तिने जखम पाहिली, पट्टी बांधली. भाजलेलं आतपर्यंत गेलंय, असं तिने हळू आवाजात सांगितलं. दर थोड्या वेळाने कूस बदलायला हवी, रोज जखम धुवायला हवी. शहरातल्या शुश्रूषा रुग्णालयात जागा आहे, लेक मिन्ही भादव्याच्या उन्हापासून तेच तर म्हणतेय. मालसुनला ते पाठ होतं. आधी ती म्हणाली होती, हिवाळ्याचं किमचीचं लोणचं घालून होऊ दे. मग सासूचं श्राद्ध होऊ दे. मग बर्फ वितळू दे.

आता ती एकेक वाट चाचपून बघत होती. जाळ कमी केला, तर या टोकाला बर्फ, आणि याच्या छातीत कफ. जाळ वाढवला, तर खोलीच्या मधोमध निजवूनही अंग भाजेल. कूस बदलायची, तर हे मनगट. प्रत्येक वाट त्याच भिंतीशी जाऊन थांबत होती.

"परत तिथे ठेव मला," गिदोक म्हणाला. दात वाजत होते. "भाजलो तर भाजलो. माझ्या हातची जमीन आहे."

"आजोबा, असं बोलू नये," नर्स म्हणाली.

"तुला काय कळतंय पोरी, तू पलंगावर निजणारी." मग आवाज मोडला. "मिन्हीची आई. ठेव ना."

तो असं कधी मागत नसे. मालसुन उठली, वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला बसली. त्याला कळणारा हात तिने दोन्ही हातांत घेतला. ती आपल्याला परत चुलाणाकडे ओढील या आशेने त्या हाताने तिची बोटं घट्ट धरली. नर्सने पट्ट्यांची पिशवी बंद केली, आणि फोन हातात धरून वाट पाहिली.

"अहो," मालसुन म्हणाली, "मी तुम्हाला पाठवतेय. आजच."