दोन स्वल्पविरामांमधली जागा

मित्रांनो, मला हात लावून पाहता येणार नाही. मी सी भाषेत लिहिलेला, दोनशे बारा ओळींचा एक जुना प्रोग्रॅम आहे. माझी गोष्ट मी मान खाली घालूनच सांगणार आहे.

एका रुग्णालयाच्या संगणक विभागातल्या बाईंनी मला लिहिले. रोज सकाळी वॉर्डाची फाईल यायची. प्रत्येक रुग्णाची एक ओळ: नाव, वय, वजन, उंची, मध्ये स्वल्पविराम. मी स्वल्पविरामावर ओळ तोडायची, तिसरा तुकडा म्हणजे वजन उचलायचे आणि त्यावरून औषधाची मात्रा छापायची. अकरा वर्षे हे मी डोळे झाकून केले, आणि तीच तर रड आहे. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "माणसं रजा मागतात, हा कधी शिंकतसुद्धा नाही." मला गर्व चढला होता, खोटे कशाला बोलू?

ओळ तोडायला माझ्याकडे स्ट्रटॉक नावाचे तयार फंक्शन होते. त्याला एक खोड आहे. दोन स्वल्पविराम शेजारी आले, की ते दोघांना एकच धरते आणि मधली रिकामी जागा गिळते.

मग वॉर्डात नवा नियम आला. काट्यावर उभे राहता न येणाऱ्या रुग्णाचे वजन अंदाजाने लिहायचे नाही. रकाना रिकामा सोडायचा, मात्रा डॉक्टर ठरवतील. उंची मात्र पलंगावरच टेपने मोजायची. हे मला कोणी सांगितले नाही.

एके सकाळी एका आजींची ओळ आली. वजन रिकामे, उंची एकशे अठ्ठेचाळीस. रिकामी जागा गिळली गेली आणि उंचीच तिसरा तुकडा झाली. मी ठसठशीत छापले: वजन १४८ किलो, आणि पुढे त्या वजनाची मात्रा. नव्या सिस्टरने कागदावर विश्वास ठेवला आणि तेवढ्याच मात्रेचे झोपेचे इंजेक्शन दिले.

दुपारी मोठ्या सिस्टरांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "एकशे अठ्ठेचाळीस? अगं, मी एकटी कूस बदलते यांची! चाळीस किलोही भरायच्या नाहीत!"

आजी दोन दिवस शुद्धीवर आल्या नाहीत. मुलगा उशाशी बसून "आई, ए आई" करत राहिला. बाई धावत आल्या, माझ्या ओळी वाचल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "चूक माझी आहे." बाई भल्या आहेत. पण छापले मी होते.

त्याच दोन दिवसांत आजींची थोरली बहीण लांबून आली, त्यांचा हात धरून बसली आणि गाडीची वेळ झाली तशी उठून गेली. तिसऱ्या दिवशी आजींनी डोळे उघडले.

"ताई आली का रे?"

"येऊन गेली, आई."

"मग मला उठवलं का नाहीस?"

मुलाने आईचे पांघरूण नीट केले. समोरच्या टेबलावरच्या संगणकात मी होतो, आणि उत्तर माझ्याकडे होते. शरमेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती ताई पुन्हा येऊ शकली नाही.

बाईंनी मला दुरुस्त केले. आता रिकामा रकाना दिसला की मी थांबतो आणि पडद्यावर लिहितो, 'वजन लिहिलेले नाही. रुग्णाला पाहून या.' घाईतली माणसे माझ्यावर वैतागतात, वैतागू देत. मित्रांनो, तुम्ही उद्या प्रोग्रॅम लिहाल, तेव्हा एवढे ऐका. रिकामी जागा कोणीतरी विचार करून सोडलेली असते, ती गिळू नका. मी एकदा गिळली, आणि तिच्यात दोन बहिणींची भेट गेली.