चार नंबरच्या यंत्राची पोटदुखी

मित्रांनो, यंत्राला पोट नसते, पण पोटदुखी असते. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. मी चामड्याच्या बॅगा शिवणारे एक जुने यंत्र आहे. आज माझे चाक कुरकुरते आणि मानेवरचा रंग उडाला आहे. पण भरात असताना माझी सुई चामड्याचे चार थर एका दमात पार करीत असे. आणि त्याच दिवसांत मी एका दुसऱ्या यंत्रावर इतके जळत होते, की ज्या भट्टीत माझे लोखंड वितळले तीसुद्धा त्यापुढे थंड वाटावी.

ओतशाळेत माझा सांगाडा ओतला गेला. मग एका कारागिराने मला काळा रंग दिला आणि मानेवर बारीक सोनेरी वेल काढली. ती काढताना तो श्वास रोखून धरी. मला वाटले, आता जिथे जाईन तिथे लोक ही वेल पाहायला येतील.

ज्या ट्रकमधून मी कारखान्यात आले, त्याच ट्रकमधून तोही आला. तो म्हणजे चामडे कापायचे एक प्रचंड दाबयंत्र. चामड्यावर धारदार साचा ठेवायचा, दोन्ही हातांनी दांडा ओढायचा, की धाडकन आवाज होऊन बॅगेचा तुकडा कापून निघे. त्याला उतरवायला साखळ्या आणि कप्पी लावली होती. सगळा कारखाना काम टाकून बघायला बाहेर आला. पाहता पाहता कोणीतरी म्हणाले, "पहिलवान आहे पहिलवान," आणि तेच त्याचे नाव पडले. मला दोन बायकांनी उचलून आत नेले. जाताना त्यांतली एक म्हणाली, "जड आहे मेलं." माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

पहिलवानाला मधोमध, काचेच्या छताखाली, कठडा बांधून बसवले. मला मागच्या भिंतीकडच्या रांगेत जागा मिळाली. तिथे उजेड कमी आणि मोरीचा वास जास्त. त्याला नाव होते, मला आकडा. चार नंबर.

माझ्यावर बसणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. तिची आई लवकर गेली होती आणि धाकट्या भावाला तिनेच वाढवले होते. दोघे दोन खोल्यांत राहत. घरातल्या गोष्टी मला कशा कळत, असे तुम्ही विचाराल. शिवता शिवता ती पलीकडच्या यंत्रावरच्या शेजारणीला सांगे, आणि मी तर तिच्या कोपराशीच होते.

भाऊ हाताशी आला तेव्हा ताईने मुकादमाला गळ घालून त्याला कारखान्यात लावले. शिकायला त्याला माझ्यावरच बसवले. बिचाऱ्याने जीव तोडून प्रयत्न केला, पण त्याचे पाय पुढे पळत आणि हात मागे राहत. टाका वाकडा जाई, दोरा तुटे. एकदा सुई त्याच्या बोटातूनच आरपार गेली. ताईने रुमालाने बोट बांधले. मुकादम हसून म्हणाला, "ताईचा भाऊ खरा, पण ताईची सर नाही." चार बायकाही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याला पहिलवानाकडे पाठवले. तिथे त्याचा हात बसला. हळूहळू लोक त्याला उस्ताद म्हणू लागले, आणि पुढे पगाराच्या यादीत कापणाऱ्या पुरुषांना 'कुशल कामगार' ठरवले गेले. शिवणाऱ्या बायकांपुढे मात्र दोन शब्द होते. 'हलके काम'.

मित्रांनो, माझ्या पाटावर ज्या बॅगा शिवल्या जात, त्यांचे कोपरे शिवताना ताईचे मनगट सुजे. तरी ते काम हलके.

पगाराच्या दिवशी घरी दोघांची पाकिटे एकाच फळीवर ठेवली जात. त्याचे फुगलेले, तिचे सपाट. पहिले काही महिने ताईने हसण्यावारी नेले. "आज कुशल कामगारांनी पाणी आपल्या हातानं घ्यावं," असे ती म्हणे, आणि तो हसत उठे. मग तिच्या बोलण्यातली गोडी आटत गेली. त्याने नवे बूट घेतले, तर तिने हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, "चामडं बरं नाही." बूट चांगले होते.

"भाऊ आहे माझा," ती शेजारणीला म्हणाली. "त्याचं बरं झालं तर मला बरं वाटायला पाहिजे. वाटत नाही. काय करू?"

शेजारणीने दाताने दोरा तोडला. मी मात्र मनात म्हटले, ताई, तू एकटी नाहीस. तिकडे पहिलवानाचा दांडा फडक्याने रोज चकचकीत होत होता. माझ्या चाकात धाग्यांचे गुंते साचले होते.

शेवटी ताई पगाराबद्दल बोलायला कारखान्याच्या साहेबांच्या खोलीत गेली. परत आल्यावर तिने सगळे जसेच्या तसे सांगितले. साहेब म्हणाले होते, "अहो, तुमचं बसून करायचं काम. घरी करता तेच इथं करायचं."

"घरी मी बॅगा शिवत नाही," ताई म्हणाली होती.

"शिवण बायकांच्या हातातच असते हो."

"मग माझ्या भावाच्या बोटात का गेली सुई?" असे तिच्या ओठांवर आले होते. पण भावाचे नाव तिथे काढायचे नाही म्हणून ती गप्प उठून आली.

मागच्या रांगेतल्या बायकांनी मग वकीलबाई गाठल्या. त्या सडसडीत अंगाच्या होत्या, खोकत खोकत बोलत, आणि फी जमेल तशी द्या म्हणत. कामगार न्यायालयात दावा लागला. मागणे साधे होते. काम सारख्या मोलाचे असेल तर पगारही सारखा द्या. कंपनीने उत्तर दिले, की कापण्यात कौशल्य आहे, जोखीम आहे. शिवण बायकांना उपजतच येते. वकीलबाईंनी ते वाचून दाखवले तेव्हा सुजलेली मनगटे मांडीवर ठेवून बायका ऐकत होत्या.

न्यायालयाच्या कागदांत पहिलवानाचे वजन लिहिले होते, किंमत लिहिली होती. माझे नावसुद्धा नव्हते. 'इतर शिलाई यंत्रे' एवढाच उल्लेख. मी इतर.

त्यानंतर कारखान्यात दोन तट पडले. कापणाऱ्या पुरुषांच्या मनात कोणीतरी भरवले, की बायकांचा पगार वाढवायला तुमचा कापणार. आणि साहेबांनी उस्तादला बोलावून सांगितले, की कंपनीतर्फे साक्ष दे, मुकादमाची जागा रिकामी होते आहे. घरात एका छपराखाली दोन चुली पेटू लागल्या.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या रांगेत आला. बोटात सुई गेल्यापासून तो इकडे फिरकला नव्हता.

"ताई, केस मागे घे."

"का?"

"आमचा पगार कापतील, असं सगळे म्हणतात."

"असं साहेब म्हणतात. बाकीचे तेच परत म्हणतात."

"तुला माझं बघवत नाही, एवढीच गोष्ट आहे."

ताईने डबा बंद केला. "नाही बघवत," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पण दावा तुझ्यावर नाही, कंपनीवर आहे. साक्षीला उभा राहिलास तर जे खरं ते सांग."

तो थोडा वेळ माझ्या सुईकडे बघत राहिला आणि निघून गेला.

मग न्यायाधीशांनी ठरवले, की नुसते ऐकून भागायचे नाही, काम डोळ्यांनी पाहायचे. ते येणार त्या सकाळी पहिलवानाला पुसून, घासून नवरदेवासारखे सजवले. माझ्याकडे कोणी फडके घेऊन आले नाही. उलट मुकादमाने ताईपुढे पातळ अस्तराचे कापड आणून टाकले.

"बॅगा कुठायत?" ताईने विचारले.

"आज अस्तरच शिवायचं."

ताईला कळले. मलाही कळले. अस्तर म्हणजे माझ्या सुईला लोणी.

न्यायाधीश वयस्कर होते, हळू चालत, आणि कोणी सांगितलेले नसेल ते आधी पाहत. पहिलवानापाशी उस्तादने दांडा ओढला, धाडकन आवाज झाला, आणि सोबतचे कारकून दचकले. न्यायाधीशांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याने माझ्या अंगाची लाही लाही झाली. मग सगळे मागच्या रांगेत आले. ताईचे पाय चालू होते, अस्तर सुळसुळ सरकत होते.

"पाहिलंत साहेब," कंपनीचे वकील म्हणाले, "किती सहज काम आहे."

न्यायाधीशांनी आजूबाजूला पाहिले. कंपनीचा साक्षीदार म्हणून उस्ताद मागे उभा होता. "तुम्ही हे काम कधी केलंय?" त्यांनी त्याला विचारले.

उस्तादने कारखान्याच्या साहेबांकडे पाहिले. साहेब छताकडे पाहत होते. मग त्याने ताईकडे पाहिले. तिने मान वर केली नाही.

"केलंय," तो म्हणाला.

"मग?"

"जमलं नाही. म्हणून मला तिकडे पाठवलं."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे हलकं काम जमलं नाही, म्हणून कुशल काम दिलं?"

"असं कुणी म्हटलं नव्हतं. पण झालं तसंच." त्याने कापडाकडे बोट केले. "आणि साहेब, हे अस्तर आहे. रोज हे नसतं." तो स्वतः जाऊन बॅगेचा कोपरा घेऊन आला, चार थरांचा, आणि माझ्या पाटावर ठेवला.

"तुम्हीच दाखवता का शिवून?" न्यायाधीश म्हणाले.

तो माझ्यावर बसला. चाक फिरले, सुई कोपऱ्यात शिरली, आणि दोरा तुटला. मित्रांनो, मी तो मुद्दाम तोडला नाही, हे शपथेवर सांगते. पण तुटला तेव्हा मला गुदगुल्या झाल्या, हेही शपथेवर सांगते. पहिलवानाचा माणूस माझ्यापुढे हरला होता. या क्षणाची मी आणि ताई किती वर्षे वाट पाहत होतो.

पण ताई हसली नाही. ती वाकली, नवा दोरा ओवून दिला, आणि पूर्वी शिकवायची त्याच आवाजात म्हणाली, "पायाला घाई करू नकोस."

त्याने पुन्हा चाक फिरवले. टाका वाकडाच गेला. मग तो उठला, ताई बसली, आणि तो कोपरा तिने शिवून न्यायाधीशांच्या हातात दिला. त्यांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि तुकडा कारकुनाकडे दिला.

सगळे गेल्यावर भाऊ तिथेच राहिला.

"लहानपणापासून सगळं तुलाच येतं," तो म्हणाला. "स्वयंपाक तुला, बाजार तुला, आजारी आईला सावरायचं तुला. इथं आलो तर मी ताईचा भाऊ. एक पाकीट तेवढं माझं मोठं होतं."

"मला वाटायचं, तुला त्याचा गर्व आहे."

"गर्व कसला. तेवढाच आधार होता."

ताईने धाग्याचे रीळ हातात फिरवले. "मग तोंड उघडायचं होतंस," ती म्हणाली. "मी उगाच तुझ्या बुटांना नावं ठेवली."

निकाल बायकांच्या बाजूने लागला. शिवणे आणि कापणे सारख्या मोलाचे ठरले आणि दावा लागल्या दिवसापासूनचा फरक द्यावा असा हुकूम झाला. त्याआधीची वर्षे मात्र गेली ती गेलीच. कंपनी वरच्या न्यायालयात गेली. तिथेही तेच ठरेपर्यंत एक बाई निवृत्त झाली आणि वकीलबाईंचा खोकला वाढला. कापणाऱ्यांचा पगार कोणी कापला नाही. भावाला मुकादमाची जागा मिळाली नाही, आणि कित्येक दिवस त्याच्याशी कोणी धड बोलत नव्हते. कोणी 'ताईचा भाऊ' म्हटले की अजूनही त्याच्या कपाळाला आठी पडे. माणूस एका दिवसात साधू होत नाही.

पुढे विजेवरची यंत्रे आली आणि आम्ही सगळे मोडीत निघालो. बायकांनी मला कामगार संघटनेच्या कचेरीत आणून ठेवले. पहिलवानाला कंपनीने फाटकाजवळ चौथरा बांधून उभे केले, निळा रंग दिला, पितळी पाटी लावली. पाहुणे त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढतात, असे ऐकले. माझ्या पाटावर लोक चहाचे पेले ठेवतात. तुम्हीच सांगा, पोटात दुखणार नाही तर काय होईल.

मागच्या महिन्यात ताई आणि तिचा भाऊ निवृत्तिवेतनाच्या कामासाठी कचेरीत आले. दोघांचे केस पांढरे झाले आहेत. काम होईपर्यंत ताईने पेल्यांचे डाग पुसले, कपाटातून कुपी काढली आणि माझ्या सांध्यांत तेल सोडले. भाऊ बघत होता.

"तुझं यंत्र बरं आहे," तो म्हणाला. "कुणीतरी हात लावतं."

"आणि तुझं? त्याला तर चौथरा दिलाय."

"रंगाखाली गंजलाय तो. दांडा आता हलत नाही. मी कठड्याबाहेरून बघतो. पहारेकरी आत सोडत नाही."

ताई उठली. कुपी तिच्या हातातच होती. "चल," ती म्हणाली. "बघू मला कसा सोडत नाही."

मित्रांनो, इतकी वर्षे ज्याच्यावर मी जळले तो पावसात उभा राहून गंजत होता, आणि मला पत्ता नव्हता. म्हणून तुमच्यापाशी हात नसूनही हात जोडते. कोणाचे काम किती मोलाचे हे त्याच्या धडाडधूम आवाजावरून ठरवू नका. वाढणारे तुम्ही असाल तर पंक्तिप्रपंच करू नका. त्याने सख्खी भावंडे एकमेकांकडे वाकड्या नजरेने बघू लागतात. आणि कोणाला चौथऱ्यावर चढवलेत, तर अधूनमधून जाऊन त्याचे सांधे हलतात का ते पाहा.

संध्याकाळी ताई कुपी परत ठेवायला आली. तिच्या बोटांना निळा रंग लागला होता. कुपी जवळजवळ रिकामी होती. एवढे तेल पहिलवान एकटा प्यायला होता. मला बरे वाटले. पण खरे सांगायचे तर, थोडे दुखलेही.