खुर्चीमागची सावली

मी एक जुनी पांढरी फळी आहे. पांढरी आता नावापुरतीच. मूळची मी कपाटाचे दार. कपाट मोडले तेव्हा चित्रकार बाईंनी मला ठेवून घेतले, कडीची भोके बुजवली आणि पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले. मित्रांनो, माझ्यावर चित्र काढले असेल असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. माझे काम उजेड परत पाठवण्याचे.

बाई माणसांची चित्रे काढत. खोलीला एकच मोठी खिडकी, उत्तरेकडची. खुर्चीवर माणूस बसले की खिडकीकडचा गाल उजळे आणि दुसरा अंधारात बुडे. त्या दुसऱ्या बाजूला, जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर, मी तिरकी उभी असे. खिडकीचा उजेड झेलायचा आणि थोडासा त्या गालावर सोडायचा.

"अंधार घालवू नकोस, नुसता सैल कर," बाई मला सांगत. आई लाकडाशी बोलते म्हणून त्यांची मुलगी हसत असे.

कितीतरी चेहरे मी पाहिले. एक दातांचे डॉक्टर तर तीन दिवस ओठ घट्ट मिटून बसले होते. लोक चित्रांची वाहवा करत. माझ्याकडे कोण पाहणार? एका पाहुण्याने मला ओली छत्री टेकवून ठेवली होती. तो डाग अजून आहे.

शेवटी बाईंनी आरसा मांडून स्वतःचेच चित्र काढायला घेतले. उजळ बाजू झाली. सावलीची बाजू त्यांनी दुसऱ्या दिवसावर टाकली. त्या दुसऱ्या दिवशी बाई आल्याच नाहीत; मुलगी एकटीच आली आणि पडदे ओढून गेली.

वर्षभराने पडदे उघडले. मुलीबरोबर एक सजावटकार होता. माझ्यावर उजेड पडला, मी तो सवयीने पुढे पाठवला. खुर्ची रिकामी, तेव्हा तो थेट मागच्या भिंतीवर पोचायला हवा होता. पोचलाही. पण मध्ये एक तुकडा काळसर राहिला. डोके, मान, खांदे.

"ओल आलीय, ताई," सजावटकार म्हणाला. भिंत खरवडू, छताला दिवे लावू, ही फळी भंगारात देऊ, असे त्याने भराभर सांगितले. मुलीला खुर्चीवर बसवून नमुन्याचा दिवा त्याने तिच्या डोक्यावर धरला. आरशात तिच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसले. ती उठली आणि मग कळवते म्हणाली.

तो गेल्यावर तिने भिंतीला हात लावला. कोरडी होती. खुर्ची बाजूला ओढली. सावली हलली नाही. मग तिने मला जरासे सरकवले, आणि सावली सरकली. तिने मला ताबडतोब खडूच्या खुणेवर आणून ठेवले.

मग खुर्ची जागेवर ठेवून बसली. आरशात बाईंचीच हनुवटी, बाईंचेच कपाळ. मागची सावली तिच्या मापाची निघाली, कुठे बोटभरही उरली नाही. तिने रंग कालवले आणि आईचा अपुरा गाल स्वतःच्या गालावरून रंगवायला घेतला. मी उजेड दिला, सैल, पिवळट, पूर्वीसारखा.

गाल झाला, जबडा झाला. कानापाशी येताना ती पाठ मोकळी करायला उठली आणि सहज मागे वळली. चित्र पुरे होत गेले तशी भिंत जवळजवळ स्वच्छ झाली होती. सावली उरली होती तळहाताएवढी, कानाच्या उंचीवर.

"आई, थांब," ती हळूच म्हणाली. तिने ब्रश खाली ठेवला.

ते चित्र आजही एका कानाविना आहे. पाहुणे विचारतात, ती विषय बदलते. सजावटकाराने बाकीच्या घरात दिवे लावले, या खोलीत नाही. रोज सकाळी ती मला कोरड्या फडक्याने पुसते, मग भिंतीकडे पाहून घेते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. आमचा पिवळेपणाही एक वेळ सहन करा. पण आम्हाला जागेवरून हलवण्याआधी समोरची खुर्ची एकदा नीट पाहा. ती रिकामी आहे, याची आधी खात्री करून घ्या.