पानाखालची मोकळी ओळ

जोसाया फॉसेटने शिंगाच्या दौतीचे बूच दातांनी उपटले आणि खाणावळीच्या माडीवरच्या खोलीत टेबलावर नोंदवही उघडली. पान शोधावे लागले नाही. गेले दहा महिने ते त्याच्या डोळ्यांपुढून हलले नव्हते. १७५० सालचा हिवाळा. पाच लग्ने, पाच ओळी, सगळ्या त्याच्याच हातच्या, आणि तळाशी एका ओळीची मोकळी जागा.

त्याने लेखणी शाईत बुडवली, जास्तीची शाई काठावर निथळवली आणि पुन्हा बुडवली. खाली रस्त्यावरून शेरीफच्या माणसांचे कर्णे वाजत गेले. न्यायाधीश चर्चमधली प्रार्थना आटोपून कोर्टाकडे निघाले होते. आमच्या कौंटीत ते वर्षातून एकदा, ऑगस्टात येतात. त्यामुळे ऑक्टोबरात पकडलेला माणूस तुरुंगात तोवर जगला तरच त्याचा न्याय होतो.

फॉसेट हा हार्थवेट गावच्या चर्चचा कारकून. चाळीस वर्षे त्याने दोन कामे केली होती. पाद्रीबाबांची प्रार्थना संपली की सगळ्या गावाच्या वतीने मोठ्याने ‘आमेन’ म्हणायचे, आणि जन्मलेले, लग्न झालेले, मेलेले वहीत लिहायचे. पहिले काम तो इतके चोख करी की प्रवचनात डोळा लागला तरी त्याचे आमेन वेळेवर येई. फॉसेटला पुरतानाही आमेन शवपेटीतूनच येणार, अशी गाव त्याची टिंगल करी.

दुसऱ्या कामात मात्र त्याची एक खोड होती. तो लगेच वहीत लिहीत नसे. चिठोऱ्यांवर नावे टिपून त्या कोटाच्या खिशात टाकी आणि वसंत आला की सगळे एकदम वहीत उतरवी. आमच्या डोंगरातले बहुतेक कारकून तसेच करीत. हिवाळ्यात चर्चमध्ये शाई गोठते, हे कारणही खोटे नव्हते.

त्या हिवाळ्यात लँकलट एअरीच्या मुलीच्या लग्नाची बिअर पोटभर पिऊन घरी येताना तो ओढ्यात पडला. जीव वाचला, खिशातल्या चिठोऱ्यांचा लगदा झाला. त्याने कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. वसंतात तो वही घेऊन बसला आणि आठवून आठवून लिहू लागला. एअरीची मार्गरेट पहिली, चांगल्या वळणदार अक्षरात. मग गिरणीवाल्याचा मुलगा, मग बाकीचे. त्यांच्या जेवणावळींना तो गेला होता, म्हणून तारखा पक्क्या होत्या.

सहावे लग्नही त्याला आठवत होते. रूबेन डेंट आणि इसाबेल वॉर्ड, वर माळावरच्या दगडी खोपटात राहणारी. त्यांनी जेवण घातले नव्हते, त्यामुळे तारीख नक्की होईना. विचारायला जायचे तर चार मैलांचा चढ, आणि चिठोऱ्या गेल्याची कबुली. त्याने एक ओळ सोडली आणि मनाशी म्हटले, आली विचारत तर लिहू. ती कशाला येतात? दोघांनाही वाचता येत नव्हते.

आणि आता ती दोघे एअरीचीच मेंढी सोलताना सापडली होती. मेंढीचोरीला फाशी. रूबेनची आशा कोणी धरली नव्हती. इसाबेलची होती, आणि ती सगळी या एका मोकळ्या ओळीत होती.

कारण आमच्या कायद्यात एक नियम आहे. तो कुठल्या राजाने लिहून ठेवलेला नाही. कधीकाळी कुणा न्यायाधीशाने तसा निवाडा दिला, पुढच्याने त्याच्याकडे बोट दाखवले, त्याच्या पुढच्याने या दोघांकडे, आणि काही शतकांत तो हलवता न येण्याजोगा झाला. नवऱ्यासमोर बायकोने चोरी केली, तर ती त्याच्या धाकाने केली असे धरायचे आणि तिला सोडून द्यायचे. याच कायद्याने लग्नाच्या दिवशी बाईचे घर, भांडी, अंगावरचे कपडेसुद्धा नवऱ्याचे करून टाकले होते. तिला स्वतःचे मन असते हेच त्याला मान्य नव्हते. त्या जुलमाचा एवढा एक उपयोग इसाबेलला होता. त्यासाठी फक्त ती बायको असायला हवी होती, आणि आरोपपत्रात तिला ‘अविवाहित’ लिहिले होते.

दार न वाजवता लँकलट एअरी आत आला. चर्चचा विश्वस्त तोच, मेंढीचा मालक तोच. त्याने लेखणी पाहिली, वही पाहिली आणि मागे दार लोटून घेतले.

“काय चाललंय, फॉसेट?”

“राहिलेली ओळ भरतोय, मालक. लग्न झालं होतं त्यांचं. मी स्वतः आमेन म्हटलंय.”

“झालं असेल. मी कुठं नाही म्हणतो?” एअरी खुर्ची ओढून बसला. “वरच्या ओळींची शाई बघ. गंजल्यासारखी झालीय. तू आज लिहिशील ती कोळशासारखी दिसेल. न्यायाधीश काय आंधळा आहे? आणि खोट्या नोंदीला नव्या कायद्यानं काय शिक्षा आहे, ते चर्चमध्ये वाचून दाखवलं तेव्हा जागा होतास ना?”

फॉसेट जागा होता. त्या शिक्षेचे नावही फाशीच होते.

“पण ही खोटी कुठाय, मालक? खरीच आहे.”

“मग तसं सांग त्यांना. सांग, ओढ्यात पडलो, चिठोऱ्या गेल्या, घरी बसून आठवेल ते लिहिलं.” फॉसेटने चमकून वर पाहिले तसा तो म्हणाला, “तुझा कोट माझ्याच बायकोनं चुलीपाशी वाळवला होता, बाबा. खिशातला लगदा तिनं मला दाखवला. पाच वर्षं मी गप्प आहे. का गप्प आहे? माझ्या पोरीची ओळ पहिली आहे म्हणून.”

फॉसेटला सगळे ठाऊक होते. मार्गरेटचा नवरा मागल्या वर्षी वारला. दिराने केंडल शहरातला वकील धरला होता. लग्नात काही खोट निघाली की तिचा चार वर्षांचा मुलगा अनौरस ठरणार आणि शेत दिराचे होणार. नोंदी ओढ्यात वाहून गेल्या आणि कारकुनाने मनाने लिहिल्या, एवढे त्या वकिलाच्या कानावर पडायचा अवकाश होता.

“मेंढीचं मला आता काही वाटत नाही,” एअरी म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “ती बाई सुटली तर मी देवाचे आभारच मानीन. पण ती की माझा नातू, असं मला विचारशील, तर मी तुला काय सांगणार? वहीत काय आहे ते विचारतील. वहीत आहे ते सांग. त्यात खोटं काही नाही.”

तो गेला. लेखणीच्या टोकावर शाई वाळून गेली होती. फॉसेटने ती कोटाच्या बाहीला पुसली, वही मिटली आणि काखेत धरून तो कोर्टाकडे निघाला.

कोर्टात श्वास घ्यायला जागा नव्हती. तुरुंगातल्या तापाची बाधा होऊ नये म्हणून न्यायाधीशांपुढे कडू पाल्याच्या जुड्या ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी बसलेले शेरीफचे पाद्रीबाबा उकाड्याने अर्धवट पेंगत होते. पिंजऱ्यात रूबेन आणि इसाबेल खांद्याला खांदा लावून उभी होती. दहा महिन्यांत ती इतकी वाळली होती की फॉसेटला पटकन ओळखू आली नाही.

“हुजूर, ती माझी बायको आहे,” रूबेन म्हणाला. “मी म्हटलं मेंढीचे पाय धर, तिनं धरले. सुरी माझ्या हातात होती. तिला घरी जाऊ द्या.”

“पाद्री कशाला, नुसता झाडू ओलांडून संसार मांडला असेल दोघांनी!” मागून कोणीतरी म्हणाले आणि बाकांवर हशा पिकला.

न्यायाधीशांनी हात वर केला. माणूस कठोर नव्हता. पकडलेल्याच्या बाजूने कायद्यात काही असेल तर ते स्वतःच शोधून काढणाऱ्यांपैकी होता.

“आरोपीच्या तोंडचं हे पुराव्यात धरता येत नाही,” ते म्हणाले. “पण ही विवाहित असेल तर पंचांना मला वेगळं सांगावं लागेल. गावाची वही आली आहे?”

फॉसेट पुढे झाला. बायबलचे चुंबन घेतले. पाच लग्ने त्याने वाचून दाखवली, दहा नावे, खणखणीत.

“आणखी?”

“नाही, हुजूर.”

“वही इकडे आण.” न्यायाधीशांनी चष्मा चढवला आणि बोट पानावरून खाली नेले. “इथं एक ओळ मोकळी का?”

“वर्ष संपलं, हुजूर. नवं वर्ष आम्ही नव्या पानावर घेतो.”

इतके सरळ उत्तर आपल्या तोंडून कसे आले याचे त्यालाच नवल वाटले. न्यायाधीशांनी वही परत दिली आणि ते पिंजऱ्याकडे वळले.

“बाई, तुझं लग्न लागलं तेव्हा तिथं कोण होतं?”

“जुने पाद्रीबाबा होते, हुजूर. ते गेले. थडगी खणणारा विल्यम होता, तोही गेला.” मग तिने फॉसेटकडे बोट केले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट ओळखीचे माणूस भेटल्याचा दिलासा होता. “आणि हे होते ना. यांनी आमेन म्हटलं. एवढ्या मोठ्यानं म्हटलं की मी दचकले, आणि रूबेन फिसकन हसला. पाद्रीबाबा रागावले होते त्याला.”

“कारकून, हे खरं आहे?”

फॉसेटला ते सगळे दिसत होते. तिचे बर्फाने भिजलेले बूट, रूबेनने मेंढ्याच्या शिंगाची स्वतः कोरून आणलेली अंगठी, ती बोटात जाईना म्हणून थुंकी लावून बसवलेली. नुसते ‘हो’ म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग वहीत का नाही? आणि त्याच्या मागोमाग बाकीच्या पाच ओळी. समोरच्या बाकावर एअरी आपली हॅट गुडघ्यावर फिरवत होता. त्याच्या शेजारी मार्गरेट बसली होती, काळ्या कपड्यांत, नजर जमिनीला लावून.

“चाळीस वर्षांत किती लग्नं झाली, हुजूर,” फॉसेट म्हणाला. “सगळी कुठली लक्षात राहायला?”

“विचार करून सांग. घाई नाही.”

न्यायाधीश खरोखरच थांबले. एका खटल्याला पाव तास मिळतो तिथे ते थांबले. इसाबेल मान डोलावून त्याला आठवायला मदत करीत होती. बोटातली शिंगाची अंगठी तिने कठड्यावर पुढे करून धरली होती.

“नाही आठवत, हुजूर.”

बारा पंच जागेवरून उठलेसुद्धा नाहीत. डोकी एकत्र आली, दूर झाली, आणि त्यांच्या म्होरक्याने दोघांना दोषी ठरवले. न्यायाधीशांनी केसांच्या टोपावर काळे फडके ठेवले. जिथून आणले तिथे परत न्यावे, तिथून फाशीच्या जागी न्यावे, आणि प्राण जाईपर्यंत गळ्यात दोर ठेवावा, असे शब्द त्यांनी एका सुरात म्हटले. हे शब्दही जुनेच. त्यांच्या आधीच्याने म्हटलेले, आणि त्याच्या आधीच्याने.

“देव तुमच्या आत्म्यांवर दया करो.”

यावर शेरीफच्या पाद्रीबाबांनी आमेन म्हणायचे असते. ते झोपले होते.

कोर्टात क्षणभर शांतता झाली. फॉसेट साक्षीदाराच्या जागेवरच उभा होता, वही काखेत, डोके रिकामे. चाळीस वर्षे अशा शांततेनंतर त्याच्या छातीने एकच गोष्ट केली होती.

“आमेन.”

अगदी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा तो आवाज होता.

इसाबेल दचकली. तिच्या शेजारी रूबेन, गळ्यात दोर पडायचा तो माणूस, फिसकन हसला.

“हाच,” ती त्याच्याकडे वळून म्हणाली, जणू तिथे ती दोघेच होती. “अगदी हाच ना, रूबेन?”

“हाच,” रूबेन म्हणाला.

न्यायाधीशांनी हे पाहिले. फडके काढायला उचललेला हात तसाच राहिला आणि ते फॉसेटकडे पाहत राहिले. आता सांगावे, असे फॉसेटला अगदी आतून वाटले. त्याने तोंड उघडले. मग ते मिटून त्याने वही काखेत आणखी घट्ट दाबली. समोर एअरीने हॅट फिरवायची थांबवली होती.

न्यायाधीश थोडे थांबले. मग त्यांनी फडके काढून त्याची घडी केली आणि खाली वाकून लेखनिकाला पुढचे नाव विचारले. तुरुंगाच्या माणसाने त्या दोघांना दंडाला धरून खाली नेले. कोणीतरी फॉसेटची बाही ओढली. पुढच्या खटल्याचा साक्षीदार मागे येऊन उभा होता आणि हा त्याच्या वाटेत होता.